जरा जड शब्द टाका

तो पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आला तेव्हा मी जेवत होते. हातातलं पत्र पुढे धरून म्हणाला, "मॅडम, एवढा एक शब्द सांगता का? ऑब्स्टिनेट म्हणजे काय?"

हातातला घास मी परत डब्यात ठेवला. ते पत्र मीच टाइप केलं होतं... आदल्याच दिवशी.

"हट्टी," मी म्हणाले.

त्यानं पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढंच? माझी वहिनी याहून जास्त बोलते. तेही तोंडावर."

पत्राची घडी खिशात घालून तो निघून गेला. मागे ग्रीसचा हलका वास राहिला आणि मला उरलेला डबा काही संपवता आला नाही.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. तो तिथला मेकॅनिक. एका सहा मजली इमारतीची लिफ्ट त्यानं बंद केली होती, कारण तिचा तारांचा दोर झिजलाय असं त्याचं म्हणणं. साहेबांचं म्हणणं, नवा दोर यायचा तेव्हा येईल, तोवर चालवा. त्यानं लिफ्टला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. इमारतीतली माणसं रोज जिने चढत होती आणि रोज साहेबांना फोन करत होती. साहेब वैतागून हेड ऑफिसला त्याच्याविरुद्ध पत्रं पाठवायचे. एक प्रत त्यालाही मिळायची. मजकूर ते सांगत, इंग्रजी मी करत असे, आणि दर वेळी ते म्हणत, "जरा जड शब्द टाका."

शब्द शोधणं मला आवडायचं. खरं सांगायचं तर तेवढंच आवडायचं. आईवडील गेले, बहीण लग्न होऊन लांब गेली, आणि मी भाड्याच्या एका खोलीत राहत होते. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत माझा आवाज वापरातच येत नसे. सोमवारी पहिलं वाक्य बोलताना तो घोगरा निघायचा.

आठवड्यानं तो पुन्हा आला. या वेळी 'हेडस्ट्राँग' होतं.

"म्हणजे डोकं मजबूत," तो म्हणाला. "चांगलं आहे की."

"चांगलं नाही ते. कुणाचं ऐकत नाही, असा अर्थ."

"तुमचं ऐकतोय की."

मी मान खाली घातली. टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले. तो अर्धा तास बसला. त्यानं मला सांगितलं की वडील वारल्यापासून तो भावाच्या घरात राहतो, आणि रविवारी कंटाळा आला की घरातली घड्याळं उघडतो. मी काय करते, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, काही नाही. त्यानं नुसती मान डोलावली आणि घड्याळांचंच पुढे सांगत राहिला, ते मला बरं वाटलं.

तिसऱ्या पत्रात साहेबांना फारच जड शब्द हवा होता. मी 'पिग-हेडेड' घातला आणि दोन दिवस अपराध्यासारखी त्याची वाट पाहिली.

"याचा अर्थ... ठाम," मी त्याला सांगितलं.

"ठाम." तो शब्द त्यानं सावकाश उच्चारला. "मग त्यातलं डुक्कर कुठं गेलं? पिग एवढं मलाही येतं."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. मी तोंड धुवायला निघून गेले. परत आले तर तो नव्हता. त्यानंतर दहा दिवस आला नाही. जेवणाच्या सुट्टीत दार वाजलं की मी वर बघायची... आणि शिपाई असायचा.

मग साहेबांनी चौथं पत्र सांगितलं. सुरक्षिततेच्या त्याच्या कल्पना 'मिसगायडेड' आहेत, म्हणजे मुळातच चुकीच्या वाटेवरच्या आहेत, तेव्हा त्याला कामावरून काढावं. मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि त्या इमारतीत गेले.

सहा मजले चढले. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो एकटाच होता. मला पाहून उठला, पण का आलात असं विचारलं नाही. माझा रुमाल मागितला, तो दोराभोवती गुंडाळला आणि म्हणाला, "हळूच खाली ओढा." रुमाल वीतभरही सरकला नाही, अडकला. सोडवून पाहिला तर जागोजागी फाटला होता. तुटलेल्या तारांची टोकं दोरातून बाहेर आली होती, बोटाला सुईसारखी लागत होती.

"ती पत्रं मी टाइप करते," मी म्हणाले. "शब्दसुद्धा माझेच असतात."

"माहीत आहे. पत्राखाली टाइप करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात ना."

"आणि अर्थ? तेही माहीत होते?"

"लिफ्टची सगळी पुस्तकं इंग्रजीतच येतात, मॅडम."

मला त्याच्याकडे बघवेना. "मग विचारायला का येत होतात?"

"पहिल्या दिवशी भांडायलाच आलो होतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून डबा खात होतात... भांडता नाही आलं. नंतर तुम्हाला माझ्यापायी रडू आलं, म्हणून यायचं थांबवलं."

ऑफिसात परतले आणि साहेबांना सांगितलं, हा शब्द मी टाइप करणार नाही. त्यांनी मग स्वतःच दोन बोटांनी पत्र टाइप केलं. मी मात्र साहेबांनी फायलीत दाबून ठेवलेला, दोर झिजल्याचा त्याचा तपासणी अहवाल त्याच पाकिटात घातला, आणि तसं साहेबांच्या तोंडावर सांगितलंही. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

हेड ऑफिसचा इंजिनिअर आला, दोर बदलला गेला, लिफ्ट सुरू झाली. त्याची नोकरीही वाचली. पण चार पत्रांनी करायचं ते काम केलंच होतं. याच्याशी कुणाचं जमत नाही म्हणून त्याची बदली झाली, अशा एका लहान शाखेत, जिथं जायला रात्र आणि अर्धा दिवस लागतो.

तो निरोप घ्यायला आला तेव्हा ऑफिस भरलेलं होतं. त्याला बरंच बोलायचं असावं. मलाही. "येतो," तो म्हणाला. "तिथं टायपिस्टची जागा रिकामी आहे म्हणतात... असंच सांगतोय." मी "हं" म्हणाले. एवढंच.

नंतर तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी मी स्वतःसाठी पहिल्यांदाच एक अर्ज टाइप केला आणि साहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. त्या शाखेत कुणी आपणहून जात नाही, असं ते म्हणाले. पाणी वाईट, खोल्या मिळत नाहीत, पगार तोच. आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती.

"नीट विचार करा," ते म्हणाले. "तिथं कोण आहे तुमचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. इथल्याबद्दलसुद्धा. सोमवार असूनही आवाज स्वच्छ निघाला.

"आहे," मी म्हणाले. "एक जण आहे."