अष्टूचा एक तास

जो सगळ्याच कामांत आपल्यापेक्षा सरस आहे, त्याला आपली गरज का पडावी?

अनुजाकाकी बॅग भरत होती, तेव्हा शलाकाला हा प्रश्न पडला.

शलाका तांडेल तरंगवाडीत राहायची. कोकणच्या समुद्रात, किनाऱ्यापासून बरंच आत, पोकळ तराफ्यांवर हे गाव वसलं होतं. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या नांगरांना ते जाड साखळ्यांनी बांधलेलं होतं, म्हणून जागच्या जागी राहायचं. गावाचा धंदा शिंपल्यांच्या शेतीचा. शिंपल्यांचं बी (नखाएवढी पिल्लं) सुती जाळीत गुंडाळून दोराला बांधायचं आणि दोर पाण्यात सोडायचा. काकी आणि तिच्या मैत्रिणी हे काम वर्षानुवर्षं करत आल्या होत्या.

आणि मग गावात अष्टू आला. आठ हातांचा, पाण्याखालीही काम करणारा यंत्रमानव. काकी तासाला दहा दोर बांधायची, अष्टू तीस बांधायचा. पाण्यात उतरून साखळी तपासायला माणसाला अख्खा तास लागायचा, अष्टू तेवढ्यात पंधरा तपासायचा. गावाच्या बैठकीत ठरलं : यापुढे सगळं अष्टूच करेल.

"किनाऱ्यावर काहीतरी काम मिळेल गो," काकी म्हणाली. "इथे बसून काय करू? त्याच्याकडे बघत राहू?"

शलाकाला तिच्याकडे बघवेना. ती तडक आजोबांकडे गेली. तरंगवाडीचे नांगर आखणारे शास्त्रज्ञ म्हणजे तेच. पण आज त्यांचा चेहरा उतरलेला होता. समोरच्या पडद्यावर अरबी समुद्रातलं एक वादळ गोल गोल फिरत होतं.

"उद्या संध्याकाळी ते इथे पोचेल," ते म्हणाले. "त्याआधी सगळ्या साखळ्या तपासायला हव्यात, आजपासून लागलं तरच जमेल. गंजलेली एखादी तुटली, तर घरं एकमेकांवर आपटतील. आणि अष्टू बसलाय दोर बांधत. बी आजच बांधलं नाही तर मरेल, म्हणून सरपंचांनी त्याला तिथे लावलंय."

शलाका धावत धक्क्यावर गेली. अष्टूचे हात भराभर चालले होते.

"अष्टू, तू दोन्ही कामं एकदम कर ना! आठ हात आहेत तुला!"

"हात आठ आहेत," अष्टू शांतपणे म्हणाला, "पण मी एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. इथे असलो की तिथे नसतो."

शलाका तेच वाक्य मनात घोळवत वळली. मग परत आजोबांकडे आली.

"आजोबा, अष्टू एक तास दोर बांधतो, तेव्हा पंधरा साखळ्या तपासायच्या राहतात ना?"

आजोबा ताठ बसले. "बरोबर. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात (एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तिचं मोल). आता काकीचा हिशेब कर."

"तीस दोर बांधायला काकी आणि आणखी दोघी लागतील. एक तास. त्या तिघी त्या तासात साखळ्या तपासायला गेल्या असत्या तर..." तिने बोटांवर मोजलं. "फक्त तीन!"

"म्हणजे तेच तीस दोर अष्टूने बांधले तर पंधरा साखळ्या राहतात, काकीच्या चमूने बांधले तर तीनच. मग दोर कुणी बांधलेले परवडतात?"

"काकीने! पण आजोबा, ती तर अष्टूपेक्षा हळू आहे."

"हळू आहे, हे खरंच. पण कोण जास्त वेगवान आहे, एवढंच बघून चालत नाही. कोणाला कमी गमवावं लागतं, तेही बघायचं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात (जे काम करताना दुसऱ्यांच्या मानाने आपलं कमी नुकसान होतं, ते काम आपण घेणं). अष्टू एकच आहे, त्याचा वेळ थोडा आहे. तो जितका हुशार, तितका त्याचा प्रत्येक तास महाग."

काकी होडीत पाय ठेवत होती. शलाकाने तिचा हात धरून तिला थेट सरपंचांसमोर नेलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. मागोमाग आजोबाही आले. सरपंच मालतीबाई कुबल लक्ष देऊन ऐकत होत्या.

"अनुजा, तुम्ही सगळ्या मिळून दोर संपवाल?"

"संपवू," काकी म्हणाली. "पण बाई, वादळ सरलं की आम्हाला परत घरी बसवाल. अष्टूमुळे गावाचं उत्पन्न वाढेल, त्यात आमचा वाटा काय?"

 मालतीबाईंनी आजोबांकडे पाहिलं.

"हे गणितातून निघत नाही," आजोबा म्हणाले. "कामं नीट वाटली की सगळ्यांचं मिळून जास्त पिकतं, एवढंच गणित सांगतं. ते जास्तीचं कुणाच्या ताटात पडावं, हे माणसांनी बसून ठरवायचं असतं."

"मग ठरवू. सगळ्यांसमोर," मालतीबाई म्हणाल्या. काकीने बॅग बाजूला ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

अष्टू पाण्यात उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेकडची एक साखळी गंजून निम्मी झालेली त्याला सापडली. ती बदलून होते न होते तोच वारा सुटला. रात्रभर तराफे कण्हत होते. सकाळी दोन छपरं उडालेली दिसली आणि बरेच दोर वाहून गेले होते, पण गाव जागेवर होतं.

पुढच्या बैठकीत वाद बराच झाला. शेवटी ठरलं की वाढीव उत्पन्नाचा एक हिस्सा दोर बांधणाऱ्यांना मिळेल आणि ज्यांना पाण्याखालचं काम शिकायचंय, त्यांच्या शिकण्यावरही त्यातूनच खर्च होईल.

"पण पुढे दहा अष्टू आले तर?" शलाकाने विचारलं.

"तर आकडे बदलतील," आजोबा म्हणाले. "हिशेब पुन्हा मांडावा लागेल, वाटेही पुन्हा ठरवावे लागतील."

बैठक उठणार, इतक्यात शेजारच्या तरंगत्या गावाचा निरोप आला. त्यांचे तराफे मोडले होते, अष्टूला एक दिवस पाठवाल का? सगळे अष्टूकडे बघू लागले. शलाका बोलायला उठली, पण तिच्याआधी काकीच बोलली.

"पाठवू की. पण आधी सांगा, तो तिथे असेल त्या दिवशी इथलं काय राहील? आणि त्यातलं आपल्याला काय काय जमेल?"

आणि लोक खुर्च्या ओढून पुन्हा खाली बसले.