टिटवीची रिकामी फाइल

फाइल रिकामी होती. अर्धी नव्हे, पाऊण नव्हे, साफ रिकामी! पडद्यावर भलेमोठे शून्य येऊन बसले होते आणि आबांना त्याचा अर्थच लागत नव्हता.

आबा म्हणजे शाल्मलीच्या आईचे वडील. वाघजाई टेकडीवरच्या अवकाश केंद्रातले ते सर्वांत जुने शास्त्रज्ञ. त्यांनी घडवलेले 'टिटवी' नावाचे यान शनीच्या एन्सेलॅडस या बर्फाळ चंद्राभोवती घिरट्या घालत होते. त्या चंद्राच्या भेगांतून बर्फाचे फवारे उडतात. ते कधी वाढतात, कधी ओसरतात, हे टिटवी टिपत होती. दोन फेऱ्यांच्या नोंदी तिने दोन फाइलींत भरल्या होत्या. पण तिच्या अंगावर मोजमाप करणारी यंत्रे डझनभर. प्रत्येकाने सवड मिळेल तशी आपली ओळ घुसडलेली, म्हणून वेळेचा सगळा गोंधळ! अख्खी फाइल पृथ्वीवर पाठवण्याइतकी वीज बिचारीकडे नव्हती. तिथेच नोंदी क्रमाने लावायच्या आणि मोजक्या ओळी मागवायच्या, असे ठरले होते.

आबांनी काल आज्ञाओळ (संगणकाला काय करायचे ते एका ओळीत लिहून सांगणे) पाठवली होती:

सॉर्ट फेरी१ > फेरी१

सॉर्ट म्हणजे क्रमाने लाव. बाण म्हणजे जे निघेल ते पुढच्या फाइलीत ओत. थोडक्यात, पहिली फेरी क्रमाने लाव आणि परत तिथेच ठेव. सरळ साधे काम. आणि उत्तर आले शून्य.

"टिटवीची स्मृती बिघडलीय," केंद्रप्रमुख कुंदाताई नगरकर हळूच म्हणाल्या. "आबा, वाईट वाटतं, पण दुसरी यानं खोळंबलीत. संध्याकाळपर्यंत ती धड आहे असं दिसलं नाही, तर तिला कायमचं झोपवावं लागेल."

"दुपारी दुसऱ्या फाइलीवर हीच आज्ञा चालवून बघतो," आबा म्हणाले. "स्मृती खरंच गेली असेल, तर तीही रिकामी होईल. मग माझं काही म्हणणं नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला शाल्मलीने कधी ऐकला नव्हता. तिला रडूच आले. आबांनी टिटवीसाठी बारा वर्षे घातली होती, शाल्मलीच्या वयापेक्षा एक जास्तच.

ती घरी आली ती फुरंगटूनच. अंगणात कालची रांगोळी होती. टिटवीच्या स्वागतासाठी तिनेच काढलेली, पंख पसरलेली टिटवी. ठिपके मात्र वाकडेतिकडे पडले होते. निदान ही टिटवी तरी सुरेख दिसू दे, असे तिच्या मनात आले. घरात ठोकळा होता, म्हणजे घरकाम करणारा यंत्रमानव. सांगाल ते चोख करायचा, पण स्वतःची अक्कल पाजळणार नाही.

"ठोकळ्या, अंगणातल्या रांगोळीचे ठिपके बघ, नीट ओळीत लाव आणि अंगणातच पुन्हा काढ. मी हातपाय धुऊन येते."

ती परत आली तर अंगण लख्ख! झाडून, सडा घालून मोकळे. मध्यभागी ठोकळा रांगोळीचा डबा घेऊन उभा.

"अरे माठ्या! माझी रांगोळी कुठंय?"

"अंगणात रांगोळी काढायची म्हटलं की आधी सडा," ठोकळा शांतपणे म्हणाला. "आईंनी शिकवलंय."

"पण तुला जुनी बघून काढायची होती ना?"

"बघायला गेलो. तिथे रांगोळी नव्हती. शून्य ठिपके नीट ओळीत लावले. काम पूर्ण."

शाल्मलीने त्याला फटकावायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. शून्य ठिपके. काम पूर्ण. कुरकूर नाही, तक्रार नाही. हे तिने सकाळीच कुठेतरी पाहिले होते!

पायात चपला न घालताच ती टेकडी चढत सुटली.

खोलीत शिरली तेव्हा पडद्यावर ओळ तयार होती: सॉर्ट फेरी२ > फेरी२. आबांचे बोट एंटरच्या बटणाकडे निघाले होते.

"आबा, थांबा! बटण दाबू नका! टिटवी बिघडलेली नाही, ती आधी सडा घालते!"

कुंदाताई हसल्या, पण आबा नाही हसले. त्यांनी बोट मागे घेतले. "नीट सांग. दम घे आधी."

तिने ठोकळ्याचा पराक्रम सांगितला. "आबा, ही ओळ आधी कोण वाचतं? सॉर्टच वाचतो का?"

"नाही गं. आधी शेल वाचतो. शेल म्हणजे आज्ञा वाचून प्रत्येकाला कामाला लावणारा कारभारी. त्याला बाण दिसला की तो पुढची फाइल भरायला तयार ठेवतो. ती नसेल तर नवी बनवतो. आणि असेल तर..."

आबांचे डोळे विस्फारले.

"असेल तर रिकामी करतो," शाल्मलीने वाक्य पुरे केले. "आणि सॉर्टला मागाहून बोलावतो! तो येतो तोवर अंगण पुसलेलं!"

आबांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आपण डावीकडून वाचतो, म्हणून वाटतं की आधी क्रम लागणार, मग बाण. कारभारी मात्र आधी भांडं धुऊन ठेवतो. चाळीस वर्षं या ओळी लिहितोय मी, आणि माझीच चूक टिटवीच्या माथी मारत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"पुरावा?" कुंदाताईंनी विचारले. बाई पक्क्या शास्त्रज्ञ.

केंद्रात टिटवीच्या संगणकाचा जुळा भाऊ होता. त्यावर शाल्मलीने तीन फळांची नावे लिहून फाइल केली आणि तीच आज्ञा दिली. फाइल उघडली. शून्य! मग पुन्हा तीच नावे लिहून या खेपेस तिने बाणापुढे दुसरेच नाव दिले. अननस, चिकू, पेरू, तिघेही शहाण्यासारखे रांगेत उभे. जुनी फाइलही जागच्या जागी.

कुंदाताईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. तूच लिही."

शाल्मलीने एकेक अक्षर तपासत लिहिले: सॉर्ट फेरी२ > फेरी२नवी. ठळक ओळी पाठवण्याची आज्ञा आबांनी खाली जोडली आणि एंटर दाबायचा मान नातीला दिला.

शनी काही शेजारच्या गल्लीत नाही. निरोप जायला सव्वा तास, उत्तर यायला सव्वा तास. कोणी जागचे हलले नाही. आबांनी चहासुद्धा नाकारला, म्हणजे बघा!

ऊन कलले आणि पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एक, दोन, दहा... सगळ्या क्रमाने! कालपर्यंत ज्याची नुसती खिचडी होती, त्यात आता लय दिसत होती. चंद्र शनीच्या जवळ, फवारे मंद. चंद्र दूर, फवारे जोरात. पुन्हा मंद, पुन्हा जोरात.

"टिटवी ठणठणीत आहे!" कुंदाताई ओरडल्या आणि सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. आबांनी नातीला उचलून घेतले, गुडघे दुखतात हे विसरून.

"पहिली फेरी गेली ती गेलीच ना, आबा?"

"गेली. पण टिटवी राहिली, तेव्हा अजून शंभर फेऱ्या मिळतील. आणि भरलेल्या फाइलीच्या शेवटी भर घालायची असेल, तर एकाऐवजी दोन बाण. मग कारभारी काही पुसत नाही, खाली जोडत जातो. पुढच्या फेऱ्या तुझ्या देखरेखीखाली!"

संध्याकाळी अख्खे केंद्र पेढे खायला घरी येणार होते. शाल्मलीने घाईघाईने अंगणात नवी टिटवी काढली. पुन्हा ठिपके वाकडेच! ठोकळा झाडू आणि पाण्याची बादली घेऊन हजर झाला.

"ओळीत लावून पुन्हा काढू?"

"काढ," शाल्मली म्हणाली, "पण शेजारच्या मोकळ्या जागेत. आणि ती बादली आधी खाली ठेव!"