टिटवीची वाकडी वाट

टीव्हीवरच्या नकाशात शलाकाची आई वाट चुकली होती. निदान सगळं मालवण तरी तसंच म्हणत होतं.

शलाकाची आई, रेवती, ग्रामीण रुग्णालयात परिचारिका. पण यंदा ती सुट्टी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली होती. हौशी लोकांची शिडाच्या बोटींची शर्यत होती ती. बोटींवर कोणी बेकरीवाला, कोणी दंतवैद्य, कोणी शाळामास्तर. शर्यतीचा एक नियम मोठा मजेशीर होता. आजकाल भाजीची पिशवीसुद्धा घरची वाट सांगते, पण या बोटींना वाट सांगायची यंत्रांना सक्त मनाई होती. कागदी नकाशा, होकायंत्र, सूर्य, तारे आणि आपलं डोकं, बस्स! आईच्या बोटीचं नाव ‘टिटवी’. बोट कुठे आणि कशी न्यायची, हे ठरवायचं काम आईकडे होतं.

शर्यत रोज टीव्हीवर दिसे. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा होता आणि त्याच्यापुढे सगळं गाव. डोलकाठीवरच्या कॅमेऱ्यातून लाटा अंगावर आल्या की पुढच्या रांगेतली मंडळी पाय वर घेत. वाहिनीने प्रत्येक बोटीच्या गावाला एक यंत्रमानव दिला होता, निवेदकाचं बोलणं गावच्या भाषेत सांगायला. मालवणच्या यंत्रमानवाचं डोकं पांढरं, गुळगुळीत आणि चेंडूसारखं गोल होतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘शहाळं’ ठेवलं. त्यानेही ते आनंदाने स्वीकारलं.

आता बोटी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला चालल्या होत्या. नकाशात ही दोन्ही बंदरं जवळजवळ एकाच पातळीवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. वाहिनीने त्यांच्यामध्ये पट्टीने आखावी तशी लाल रेषा काढली होती. बाकीच्या बोटी मुंग्यांच्या रांगेसारख्या त्या रेषेवरून जात होत्या. टिटवी मात्र रोज खाली, आणखी खाली, बर्फाच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेने सरकत होती.

“टिटवी भरकटली!” निवेदक ओरडला. त्याचा टाय इतका सरळ होता की हा माणूस कधी होडीत बसला नसावा.

हॉलमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणजे आईचे वडील, गावातले सगळ्यांत जुने तांडेल (बोटीचे मुख्य). आईला शीड धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

“ह्या काय बरां नाय,” आबा म्हणाले. “खाली थंडी, डोंगराएवढ्यो लाटो. माजो जल्म दर्यात गेलो. मुंबयेक जावचा तर नाकासमोर वर, गोंयाक जावचा तर नाकासमोर खाली. वाकडी वाट ती लांबची वाट. आज आमचो निरोप आसा मा? रेवूक सांगूया, वर वळ.”

निरोपाची गोष्ट अशी होती. आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या कार्यक्रमात, प्रत्येक गावाला आपल्या बोटीशी बोलता येई. बोटीवरच्यांनी उत्तर द्यायचं ते निरोप ऐकल्यावरच. आज मालवणची पाळी होती.

शलाकाने पडद्यावरच्या टिटवीच्या टिंबाकडे पाहिलं. आईच्या हाती फक्त कागद आणि होकायंत्र. किनाऱ्यावरच्या लोकांना उपग्रहातून सगळं दिसतं, हे आईला ठाऊक होतं. त्यातून सांगणारे आबा, ज्यांचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता. आबांनी वळ म्हटलं की आई वळणारच. पण ती चुकलेली नसेल तर? घरी लोणच्याची बरणी कुठल्या फळीवर ठेवायची याचाही दोनदा विचार करणारी आई समुद्रात उगाच भरकटेल?

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर तिने शहाळ्याला गाठलं. “खरं सांग, आईची वाट चुकलीय का?”

“मी यंत्र आहे,” शहाळं म्हणालं. “वाटेबद्दल चकार शब्द काढता येत नाही. न बोट चालवणाऱ्यांशी, न निरोप पाठवणाऱ्यांशी.”

“मग तुझा उपयोग काय?”

शहाळं म्हणालं, “सल्ला देता येत नाही. पण डोकं उसनं देता येतं.” आणि त्याने ते खाली वाकवलं.

शलाका वैतागून त्या डोक्याकडे बघत राहिली. पांढरं, गोल. मध्यावर कमरपट्ट्यासारखी शिवण, वर इवलासा अँटेना, खाली मान. गोल! तिने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा सपाट. पृथ्वी कुठे सपाट असते?

ती धावत घरी गेली आणि शाळेचा नकाशासंग्रह, जाळं विणायचा धागा आणि आईच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. आईने जाताना ते आरशाला अडकवून ठेवलं होतं.

“अँटेना म्हणजे उत्तर ध्रुव,” ती पुटपुटली. “मान म्हणजे दक्षिण ध्रुव. शिवण म्हणजे विषुववृत्त (पृथ्वीचे वरचा आणि खालचा असे दोन सारखे भाग करणारी रेषा).”

नकाशासंग्रहात बघून तिने शिवणीच्या खाली, मानेपर्यंतच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यावर एक टिकली लावली. हे केपटाउन. त्याच पातळीवर, पाव फेरीहून किंचित पुढे दुसरी. हे फ्रीमँटल.

“गुदगुल्या होतात,” शहाळं म्हणालं.

“गप्प बस. पृथ्वी बोलत नाही.”

आधी तिने टीव्हीवरच्या लाल रेषेप्रमाणे धागा एकाच पातळीत, बोटांनी जागोजागी दाबत, एका टिकलीपासून दुसरीपर्यंत नेला आणि तेवढाच कापला. मग बोटं सोडली आणि दोन्ही टोकं टिकल्यांवर धरून धागा ताणला.

धागा सरकला. आपोआप खाली, मानेकडे सरकला आणि कमानीसारखा वाकून घट्ट बसला. तिने तो वर ढकलला. ताणल्याबरोबर तो पुन्हा खाली. आणि गंमत म्हणजे आता तिच्या बोटाशी नखाएवढा धागा उरला होता!

ही कमान शलाकाने पाहिली होती. टिटवी अगदी अश्शीच चालली होती.

“ताणलेला धागा सगळ्यांत जवळची वाट धरतो,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे आईची वाट लांबची नाही. तीच जवळची आहे! पण असं का?”

तिने मानेजवळून बोट फिरवलं. झटकन फेरी पूर्ण झाली. शिवणीवरून फिरवलं, तर केवढी मोठी फेरी! फेर धरून नाचताना आतल्या मुलीला थोडं चालावं लागतं आणि बाहेरच्या मुलीला धावावं लागतं, तसंच हे. ध्रुवाकडे वळलं की पृथ्वीचा घेर लहान होतो, वाट वाचते. सपाट नकाशात मात्र हे घेर ताणून सारखेच लांब केलेले. मोसंब्याची साल चौकोनी पाटावर बसवायची तर ती ताणावीच लागणार.

“तू स्वतः शोधलंस, तर आता नाव सांगायला हरकत नाही,” शहाळं म्हणालं. “याला बृहद्वृत्त म्हणतात (गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ). गोलावरची सगळ्यांत जवळची वाट नेहमी अशा वर्तुळाचा तुकडा असते. नकाशाही खोटा नाही हं. त्याच्यावरच्या सरळ रेषेने गेलं की होकायंत्रावर एकच दिशा धरून जाता येतं. सोपं जातं. बृहद्वृत्तावर दिशा सारखी थोडीथोडी बदलावी लागते.”

“आणि हे नखाएवढं?”

“माझ्या डोक्यावर नखाएवढं. पृथ्वीवर जवळजवळ चारशे किलोमीटर.”

मालवणहून समुद्राने मुंबई गाठावी आणि तरी उरावं, एवढं अंतर आईने नुसत्या डोक्याने वाचवलं होतं! शलाकाला आईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

संध्याकाळी हॉल भरला. आबा माइकजवळ उभे राहिले, तोच शलाकाने त्यांचा हात धरला. “आबा, आधी हा धागा ओढा.”

“आता खेळ नुको गो, चेडवा.”

“एकदाच. मग काय हवं ते सांगा.”

आबांनी शहाळ्याच्या डोक्यावरच्या टिकल्यांवर धागा धरला आणि ताणला. आयुष्यभर दोर ओढलेल्या हातांना तो सरकल्याचं लगेच कळलं. त्यांनी पुन्हा ताणला. पुन्हा सरकला. कपाळाला आठी पडली.

“मग मी मुंबयेक नाकासमोर जाय होतंय, ता कसा?”

शलाकाने धागा अँटेनापासून मानेपर्यंत उभा ताणला. तो जागचा हलला नाही. “उत्तर-दक्षिण वाट आधीच बृहद्वृत्तावर असते, आबा. आपला किनारा उभा आहे. तुम्ही नेहमी वर किंवा खाली गेलात, म्हणून सरळ रेषेने तुम्हाला कधी फसवलं नाही. आई आडवी चाललीय, आणि खूप लांब.”

आबा धाग्याकडे आणि मग पडद्यावरच्या त्या एकट्या टिंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी नीट केली आणि माइकपुढे हात जोडून, देवळात घालतात तसं, गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज आमची रेवू दर्यात एकटी वेगळ्या वाटेन गेली हा. ती वाट आमका वाकडी दिसली, पण तीच सरळ आसा, ह्या माज्या नातीन माका दाखवल्यान.”

“व्हय म्हाराजा!” सगळा हॉल गरजला.

“तर तिका तिच्याच वाटेन जावंक दी, आणि ज्यो लाटो येतीत, त्यो तिका पाठसून पुढे ढकलूंदेत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पडद्यावर टिटवी आली. केशरी रेनकोटातली आई, ओठ थंडीने फुटलेले. ती हसत होती आणि रडतही होती.

“आबा,” ती म्हणाली, “सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गणित दहादा तपासलं होतं. पण तुम्ही वळ म्हणाला असता, तर मी वळले असते.”

आबांनी शलाकाला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून वाहिनीने सपाट नकाशाशेजारी फिरता गोल दाखवायला सुरुवात केली. त्या गोलावर टिटवीची वाट ताणलेल्या धाग्यासारखी होती. लाल रेषेवरच्या बोटी तिच्या मागे पडत चालल्या होत्या. निवेदकाने हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखं सांगितलं.

“शहाळ्या,” शलाकाने विचारलं, “चंद्रावर जायची वाट सरळ असते की वाकडी?”

“वाकडीच,” शहाळं म्हणालं. “का? जायचंय?”

“मोठी झाले की. पण गणित मीच करणार, तू नुसतं डोकं दे.” मग तिने त्याच्या टिकल्या काढायला हात पुढे केला.

शहाळ्याने डोकं मागे घेतलं. “राहू देत. ज्यांच्या आहेत, त्या आल्यावर काढतील.”