नामंजूर कुंड्या

ती ट्रेलरच्या केबिनमधून उतरली तेव्हा तो जमिनीवर उताणा पडून एका सिमेंटच्या बाकाखाली घुसला होता. बाहेर फक्त बूट दिसत होते. माणूस चक्कर येऊन पडला असावा, असं तिला वाटलं.

"काय झालं हो? पाणी आणू?"

"दोन मिलिमीटर," बाकाखालून आवाज आला. "डावा पाय दोन मिलिमीटर आखूड आहे."

"बाकाचा?"

"माझे दोन्ही सारखे आहेत. मोजलेत."

मग तो बाहेर आला. केसांत धूळ, हातात टेप, आणि डोळे असे की… असो. ती कामावर होती.

काम असं : एका मोठ्या इस्पितळाच्या बागेसाठी सिमेंटचे बाक आणि कुंड्या तिच्या कारखान्यात साच्यातून ओतून निघत. कारखान्याच्या वतीने साइटला तारखा द्यायच्या आणि साइटच्या वतीने कारखान्यात भांडायचं, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची, यासाठी समन्वयक म्हणून तिची नेमणूक होती. सहा वर्षांत तिची एक तारीख चुकली नव्हती; म्हणून कारखान्यात तिला 'तारीख' म्हणत. तो बांधकाम कंपनीच्या वतीने साइटवर आलेला माल तपासायचा. त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. प्रेमाने नव्हे.

करारात एक कलम होतं. त्याने एखादी वस्तू नामंजूर केली, तर तिने जातीने यायचं, दोघांनी मिळून ती पाहायची आणि सह्या करायच्या. पहिल्या महिन्यात दोन कुंड्या नामंजूर झाल्या. दुसऱ्या महिन्यात सहा. तिसऱ्यात नऊ. सिमेंट तेच होतं, साचे तेच होते. बदल इतकाच, की हेल्मेटखाली कुणाला दिसणार नाहीत असे केस ती हल्ली आरशासमोर दहा मिनिटं विंचरत होती.

"हिच्यात काय दोष?" एकदा तिने विचारलं.

"रंग जरा… उदास वाटतो."

"सिमेंट आहे. ते जन्मतःच उदास असतं."

"मागच्या मंगळवारची हसरी होती."

"तिलाही तुम्ही नापास केलंत."

"हो… पण जड मनाने."

परतताना ट्रेलर चालवणारे मामा म्हणाले, "ताई, तीस वर्षं माल वाहतोय. कुंडी तपासणारा कुंडीकडे बघतो. हा भलतीकडेच बघतो."

"मामा, रस्त्यावर लक्ष द्या."

"रस्त्यावरच आहे. बाकीचं आपोआप दिसतं."

पुढच्याच आठवड्यात तिच्या साहेबांनी तिला बोलावलं. सतरा कुंड्या नामंजूर म्हणजे कारखान्याची अब्रू गेली, सोमवारपासून हे काम दुसऱ्याकडे, तू आत बसून फायली लाव. साहेब हे इतक्या गोड आवाजात म्हणाले की तिला आभार मानावे लागले.

ती तडक साइटवर गेली. सतराही कुंड्या तिने स्वतः मोजल्या. एकीतही काडीचा दोष नव्हता. तिला एकाच वेळी राग आला आणि आनंद झाला. तिने राग आधी घेतला. आनंद काही नासणारा नव्हता.

बागेत त्या दिवशी फवारे तपासणं चाललं होतं. पाण्याची बारीक भुरभुर कुंड्यांवर उतरत होती, आणि तो त्या भुरभुरीत उभा होता, चष्मा ओला करून.

"सतराच्या सतरा उत्तम आहेत," ती म्हणाली.

तो टेप ओढत राहिला, सोडत राहिला. "आहेत."

"मग?"

"नामंजूर केल्याशिवाय तुम्ही येत नाही…"

"फोन करता आला असता."

"केला होता. तुम्ही म्हणालात, माल गुरुवारी. आणि फोन ठेवलात."

हे खरं होतं. म्हणून ती जास्तच चिडली. "तुमच्या या भेटींपायी माझं काम सोमवारी दुसऱ्याकडे जातंय. सहा वर्षांचं नाव गेलं. कळतंय?"

त्याचा चेहरा उतरला. एवढं मात्र त्याने मोजलं नव्हतं. तो माफीबिफीचं काहीतरी पुटपुटला.

"माफी नको. लिहून द्या."

त्याने तपासणीची वही आणली. 'सतराही कुंड्या मंजूर. दोष तपासणाऱ्याचा.' लिहून त्याने वही पुढे केली.

"कारणाचा रकाना रिकामा चालत नाही," ती म्हणाली.

त्याने चष्मा पुसला. मग सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं : 'समन्वयक बाईंना भेटायचे होते.' खाली सही, तारीख.

"हे तुमचे चार साहेब वाचतील," तिचा आवाज उगाच बारीक झाला.

"पाच. एक तुमचे."

तिच्या साहेबांनी वाचलं, दोनदा खाकरले आणि काम तिच्याकडेच ठेवलं. त्याच्या साहेबांनी त्याला बागेतून उचललं आणि सांडपाण्याच्या पाइपांवर नेमलं. तिथे भेटण्यासारखं कुणी नसतं. नवा तपासनीस न बघता सगळंच मंजूर करत होता. एवढी बेचव प्रगती तिने आजवर पाहिली नव्हती.

बारा दिवस गेले. रविवारी, आपल्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी ती साइटच्या गेटवर उभी राहिली.

"माल कुठाय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माल नाही."

"मग काम?"

"कामही नाही."

"कामाशिवाय आत सोडता येत नाही, बाई."

"मग त्यांना बाहेर बोलवा."

कुणाला, हे पहारेकऱ्याने विचारलं नाही. तो आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

"काही तक्रार?"

"बारा दिवसांत एक फोन नाही."

"वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावलेच होते. चार दिवस. पुढचे आठ दिवस फोनकडे बघत बसले. आई म्हणाली, एक तर तू कर, नाहीतर तो फोन फ्रिजमध्ये ठेव."

"आता तर… भेटायला काही कारणच उरलं नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच आले. कारण नसताना येता येतं का, ते बघायला."

"मग?"

"येतं. बस थेट आहे. दर रविवारी येता येईल… तुम्ही भेटणार असाल तर."

गेटजवळच्या नळावर जाऊन त्याने हात धुतले, मग पुन्हा धुतले. पुसायला काही नव्हतं, म्हणून ओलाच हात पुढे केला. तिने तो धरला. गार होता.

पहारेकरी दुसरीकडे बघू लागला. त्याच्या कामाच्या यादीत हे नव्हतं. पण माणूस भला होता.