लाल मुठीचा कॅनिस्टर

"पाच वाजता ती डॉक्टरीण या गोठ्यातून बाहेर आणि तिच्याविरुद्धची तक्रारही रवाना," मालकांनी टेबलावरच्या पत्रावर बोट आपटलं. "त्याआधी मला तिची कबुली हवीय."

भिंगरावांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. मास्तरांनी मात्र भिंत पाहिली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भिंगरावांच्या तपासात शेपटासारखं मागे फिरायचं आणि भलतीकडेच बघायचं, हा त्यांचा उद्योग. भिंतीवर फोटोच फोटो. पाहुणे दर वेळी वेगळे, मालक तेच. हातात लाल मुठीची दांडी, चेहऱ्याभोवती पांढरं धुकं.

"थंड हवेचं ठिकाण दिसतंय," मास्तर कौतुकानं म्हणाले.

प्रकरण साधं होतं. कापशी नावाची गाय दिवसाला अडतीस लिटर दूध द्यायची. ती मरण्यापूर्वी तिचे नऊ भ्रूण काढून गोठवले होते. साध्या गाईंच्या पोटी तिच्यासारख्या कालवडी जन्माव्यात, एवढीच आशा. सात भ्रूण डॉक्टरीणबाईंनी गाईंच्या गर्भाशयात सोडले. एकही गाय गाभण राहिली नाही. आता दोनच उरले होते.

प्रयोगशाळेत डॉक्टरीणबाई भ्रूण ठेवलेल्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरशेजारी उभ्या होत्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र ठाम.

"याच कंटेनरमधले दुसऱ्या एका गाईचे चार भ्रूण मी त्याच आठवड्यात सोडले. तीन गाई गाभण आहेत. हात माझाच होता ना?"

"नायट्रोजन कमी पडला असेल," मास्तरांनी अक्कल चालवली.

"मग तेही मेले असते." त्यांनी झाकण उचललं. कडेला सहा दांड्या अडकवलेल्या, त्यातल्या एकीचीच मूठ लाल. "या दांडीच्या टोकाला लटकलेला डबा म्हणजे कापशीचा कॅनिस्टर. तो कंटेनरच्या मानेपर्यंतच वर घ्यायचा आणि चिमट्यानं भ्रूणाची कांडी काढायची. पूर्ण बाहेर दहा-बारा सेकंद राहिला तरी घात होतो."

"खोलीच्या किल्ल्या किती?" भिंगरावांनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे."

मालकांचे धाकटे भाऊ दूध थंड करण्याच्या टाकीपाशी भेटले. "मला हे उसन्या पोटाचे उद्योग पटत नाहीत, तोंडावर सांगतो. पण त्या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही. दादा किल्ली गळ्यात घालून झोपतो."

"हाच!" बाहेर पडताच मास्तर कुजबुजले. "काळ्या दगडावरची रेघ."

मुकादम पाण्याच्या पाइपानं गोठा धूत होता. "झाडायलासुद्धा डॉक्टरीणबाई असल्या तरच जातो मी. बाकी साहेबांचे पाहुणे जातात. पोरं तर टाळ्या पिटत बाहेर येतात. जादू बघितली म्हणतात."

भिंगराव तिथेच थबकले. पाचला दहा मिनिटं होती.

ऑफिसात सगळे जमले. मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही थांबवा," भिंगराव म्हणाले. "नायट्रोजन पुरेसा होता आणि बाईंचा हातही चांगला होता, नाहीतर दुसऱ्या गाईचे भ्रूण जगले नसते. बिघडला तो एकच कॅनिस्टर. धाकट्यांकडे किल्ली नाही, मुकादम एकटा आत जात नाही. बाईंना भ्रूण मारायचेच असते, तर स्वतःच्या हातानं सोडून बदनामी कशाला ओढवून घेतली असती?"

"मग कोण?" मालक गरजले.

"मास्तर, तुमचं थंड हवेचं ठिकाण दाखवा."

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. लाल मूठ. धुकं. धुक्यात टांगलेला कॅनिस्टर, कंटेनरच्या हातभर वर.

"साहेब, तुम्ही पाहुण्यांना कापशीची संतती दाखवत होतात," भिंगराव हळू आवाजात म्हणाले. "फोटो नीट येईपर्यंत धरून."

"पण मी... कांडीला हातसुद्धा लावला नाही कधी. नुसतं दाखवलं." मालकांचा आवाज बसला. "केवढी गाय होती ती. लोकांना कळायला नको?"

मास्तरांना त्यांचा राग यायला हवा होता. आली ती कीव.

मालक उठून भिंतीशी गेले. एकेका फोटोवर बोट ठेवत गेले. अकरा.

"ते दोन... जगले असतील?"

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सोडून बघते."

मालकांनी पत्राचे तुकडे केले. मग गळ्यातली किल्ली काढून डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवली.

"मी बाहेर थांबेन," ते म्हणाले.