फकिराचं वजन

ही घटना खरी आहे. धोंडबाने ती कधी रंगवून सांगितली नाही. कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचा, आणि दर वेळी तसंच.

जानेवारी १९६१. भिलाई. सेक्टरमधल्या एका क्वार्टरमागची पत्र्याची शेड. वेळ दिवेलागणीची.

धोंडबा कारखान्याच्या मोटार वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याचा धाकटा भाऊ फकिरा नंदिनीच्या चुनखडी खाणीवर डंपर चालवायचा. दोघांनी भंगारातली एक जीप घेतली. टप, दारं, मडगार्ड, सगळं कापून काढलं. उरला सांगाडा, इंजिन आणि दोन सीटा. नंदिनीकडच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर रविवारी ड्रम मांडून शर्यत लागायची. त्यासाठी हा खटाटोप.

गाडी सरळ रस्त्याला वाऱ्यासारखी पळायची.

पण वळायची नाही.

फकिरा स्टेअरिंग पुरतं फिरवायचा. पुढची चाकं वळलेली दिसायची, आणि गाडी मात्र घसरत सरळ ड्रमवर जायची.

"ये गाडी है के बइला?" शेजारचा भैयालाल पोट धरून हसायचा. "जिधर मुँह, उधरच चले!"

"हस बे, हस," फकिरा म्हणायचा. "दादा वळवते तिले. पाहजो तू."

दोष कुठे आहे ते धोंडबाला कळलं होतं. गाडी हलकी झाली, पण चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जड जीपचेच राहिले. पुढचे पाटे इतके कडक की चाकं जमीन धरत नव्हती. तेव्हा पुढचा एकेक पाटा काढायचा, मागे चढवायचा आणि माप घ्यायचं. एवढ्या हलक्या गाडीत एक माणूस बसला तरी फरक पडतो. म्हणून माप घेताना फकिरा चालवायच्या उजव्या सीटवर बसायचाच. धोंडबा गाडीखाली उताणा पडून बोटांनी मोजायचा. रिकामी असली की गाडी दोन्ही बाजूंनी सारखी. फकिरा बसला की उजवी बाजू बोटभर खाली.

दिवाळीच्या आधी फकिराला कावीळ झाली. तो भंडाऱ्याकडे गावी, मायजवळ गेला.

धोंडबाने निरोप पाठवला, "वर्कशॉपमध्ये गाड्या उभ्या आहेत. काम आटपलं की येतो."

एका गाडीनंतर दुसरी गाडी उभी राहिली.

तो गावी पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

तेरवी आटपून तो माय शकुबाईला भिलाईला घेऊन आला. ती फारसं बोलत नव्हती. तोही विचारत नव्हता. पण ती गाडी त्याला सोडवेना. फकिराला ते वळण घ्यायचं होतं. एवढं तरी करायचं, असं त्याने मनाशी धरलं.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी त्याने फकिराच्या वजनाचं वाळूचं पोतं त्याच्या सीटवर ठेवलं आणि खाली सरकला.

उजवी बाजू दोन बोटं खाली...

वाळू जास्त झाली असेल, म्हणून त्याने पोतं उतरवलं. आता गाडी सारखी व्हायला हवी होती.

झाली नाही.

उजवी बाजू बोटभर खालीच.

त्याने टायर पाहिले. पाटे उलटसुलट करून पाहिले. तुटलेलं काही नव्हतं. मग त्याची नजर सीटवर गेली.

रेक्झिन मधोमध दबलेलं होतं...

त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. भीती वाटली का, असं नंतर कोणी विचारलं की तो नाही म्हणून मान हलवायचा. त्या वेळी त्याच्या तोंडून एवढंच निघालं,

"आला का बे?"

सीटची स्प्रिंग हळूच करकरली.

त्यानंतर ड्युटी सुटली की धोंडबा थेट शेडमध्ये. खाली पडून काम करायचा आणि वर बोलत राहायचा. खाणीतल्या गप्पा, भैयालालच्या चहाड्या. वरून कधी करकर, कधी काहीच नाही. पुढचे पाटे कमी होत गेले. चाकं जमीन धरू लागली.

आणि उजवी बाजू वर येऊ लागली.

बोटभराचं अर्धं बोट झालं. पुढे त्याहूनही कमी. धोंडबाला वाटलं, आपलं काम जमत चाललं आहे.

एका संध्याकाळी शकुबाई चहा घेऊन आली.

"कोनाशी बोलून राहिला रे?"

त्याने सगळं सांगितलं. ती दचकली नाही. कप खाली ठेवून तिने विचारलं, "आज किती आहे?"

"नखाएवढा, मा. बस."

ती उंबऱ्यावरच बसली.

"असाच कमी झाला रे तो. पह्यले दोघाजनाले उचलत नव्हता. मंग मी एकटीच उचलो त्याले, लेकरावानी."

धोंडबाच्या हातात पाना तसाच राहिला. जे आजारपण त्याने पाहिलं नव्हतं, ते तो इतके दिवस बोटांनी मोजत होता...

"म्हंजे आता..."

"त्याच्यापाशी बस, धोंडबा. हात ठेव त्याच्यावर."

"एकच पाटा राहिला, मा. त्याले ते वळण घ्याचं होतं."

"कायचं वळण रे? बस म्हंतो ना मी!"

पण तो खाली सरकला होता.

बोल्ट गंजलेला होता. त्याने जोर लावला. तेवढ्यात वर स्प्रिंग करकरली. नेहमीसारखी नाही. लांब...

कोणीतरी सीटवरून खाली वाकत होतं.

धोंडबाच्या कानाशी श्वास आला. तुटका, कोरडा.

"थांब ना बे," तो बोल्टावरची नजर न काढता म्हणाला. "झालंच. आलो."

श्वास थांबला.

मग त्याच्या डोळ्यांसमोर उजवी बाजू उरलेली नखभर वर आली. आवाज न करता.

तो धडपडत बाहेर आला. शकुबाई सीटजवळ उभी होती. पदर तोंडाशी.

"मा, तू वाकली होती का?"

तिने मान हलवली. नाही.

रेक्झिन सपाट होतं.

पदर खाली घेत ती म्हणाली, "तिथंही दाराकडेच पाहे. दादा आला का, म्हने. येऊन राहिला, म्हनलं मी."

रविवारी गाडी भैयालालने चालवली. ड्रमाला चिकटून अशी वळली की लोक ओरडले. "का मोड़िस गा!" काय वळली रे, असं म्हणत भैयालाल उडी मारून उतरला आणि धोंडबाला मिठी मारायला धावला. धोंडबा तिथे नव्हता. तो धावपट्टीच्या कडेला पाठ करून बसला होता.

पुढे कित्येक वर्षं तो संध्याकाळी शेडमध्ये जायचा. पाना घ्यायचा नाही. डाव्या सीटवर बसायचा आणि हात उजव्या सीटवर ठेवायचा. गाडी पुन्हा कधी त्या बाजूला झुकली नाही.

फकिरा वाकला होता तो काहीतरी सांगायलाच. एवढं धोंडबाला पक्कं ठाऊक होतं.

काय, ते मात्र...