बिजासनचा उतार

"ज्यानी गाडी पास करी, त्यानीच पहिला घाट बसानं!" आबांची काठी फरशीवर आपटली, आणि झुलालच्या हातातला चहा बशीत सांडला.

धुळ्यातल्या 'अभिमन रोडवेज'चा हा नियम झुलालच्या वडिलांनी, आबांनी, पहिल्या गाडीपासून घालून दिला होता. ब्रेकचं काम झालं, की घरातल्या ज्या माणसानं गाडी तपासून पास केली, त्यानंच ती भरून बिजासनचा घाट उतरेपर्यंत क्लिनरच्या जागेवर बसायचं. स्वतःचा जीव आत असला, की माणूस नट नीट आवळतो, एवढा साधा त्याचा अर्थ!

ही गाडी झुलालनं पास केली होती. पण धाकट्या भावाचा तो पांढराफटक चेहरा पाहून सुकदेव उठून पुढे झाला... कारण त्या घाटात खरं काय घडलं होतं, हे या घरात फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"मी बसतो, आबा," सुकदेव म्हणाला.

"तू?" आबा कडवट हसले. "तू पास केलेल्या गाडीनं माझा हबीब नेला! बस, त्याच्या जागी तूच बस. पण आज मीही येतो. बघू दे मला, मरण कसं दिसतं ते!"

हबीब म्हणजे कंपनीचा पहिला ड्रायव्हर, आबांचा जिवलग. बिजासनच्या घाटात अपघात होऊन तो गेल्यावर आबांनी सुकदेवला गाड्यांना हात लावू दिला नव्हता. नशिराबादला केळी भरून घेण्याच्या कामावर धाडलं होतं. आणि आज स्टिअरिंगवर होता हबीबचाच मुलगा, मोईज.

घाटापलीकडच्या सेंधव्याला कापसाच्या गठाणी भरल्या. भर दुपारी गाडी घाटाच्या तोंडाशी आली. खाली खानदेशचा पसारा उन्हात तापत होता. सुकदेवनं दाराची कडी घट्ट धरली.

"काय भाऊ, नवऱ्या मुलीसारखे बसलात!" मोईज हसला. "घ्या, सुपारी घ्या."

सुकदेवला हसता आलं नाही. पहिलं वळण... दुसरं वळण... गठाणींचं ओझं मागून ढकलत होतं. भरलेली गाडी उतारावर गिअरमध्येच ठेवायची असते. इंजिनच तिला मागे ओढून धरतं, ब्रेकवर सगळा भार पडत नाही. पण काहीजण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. मग गाडी मोकळी सुटते, ब्रेक तापतात... आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो!

तिसऱ्या वळणाआधी मोईजनं गिअर उतरवायला दांडा ओढला. क्षणभर, फक्त क्षणभर, इंजिनाचा आवाज पडला.

तो आवाज सुकदेवनं ओळखला. भीतीनं त्याचं भान हरपलं, आणि इतकी वर्षं छातीत गाडून ठेवलेली किंकाळी बाहेर पडली, "न्यूट्रल नको! झुलाल, न्यूट्रल नको रे! हबीबभाई मागे झोपलेत!"

दांडा खालच्या गिअरमध्ये बसला. इंजिन पुन्हा गुरगुरलं. मोईजनं रस्त्यावरची नजर काढली नाही, आणि घाट संपेपर्यंत गाडी त्याच गिअरमध्ये ठेवली. आबा वळून सुकदेवकडेच बघत राहिले.

पायथ्याशी गाडी थांबली.

"हबीब झोपला व्हता?" आबांचा आवाज फुटला. "तू तर सांगितलंस, तोच चालवत होता, ब्रेक लागले नाहीत, अन् गाडी तू पास केलेली म्हणून चूक तुझी!"

"झुलालला हळद लागायची होती, आबा..." सुकदेव ओक्साबोक्शी रडू लागला. "त्याच्या नवरीच्या, पुनमच्या घरी मांडव पडला होता. तुम्ही त्याला जिवंत ठेवलं नसतंत. त्याला काही म्हणू नका!"

तेवढ्यात मागून जीप आली. घरी राहवलं नाही म्हणून झुलाल पाठोपाठ निघाला होता. "उतरलात ना नीट? आबा?" तो धावत आला, आणि तिघांचे चेहरे पाहून जागीच थिजला.

"झुलाल," आबा म्हणाले, "त्या दिवशी गाडी कोना हातमा व्हती?"

झुलाल मटकन रस्त्याच्या कडेला, धुळीत बसला.

मोईज केबिनमधून उतरला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. सुकदेव धावत गेला आणि त्याच्या नि झुलालच्या मध्ये हात पसरून उभा राहिला. "मोईज, मला मार! तुझे वडील गाडी चालवत होते, हे खोटं मी सांगितलं, मला मार!"

मोईजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बाजूला व्हा, भाऊ," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं तुम्हीच मध्ये उभे आहात. मी हात नाही उचलणार. पण आता त्यांना बोलू द्या. अब्बांचं मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

पसरलेले हात सुकदेवनं खाली घेतले नाहीत. बाजूला होणं हे त्याला या घराण्यात कुणी शिकवलंच नव्हतं!

"सुक्या," मागून आबांची हाक आली, लहानपणी घालत तशी. "इकडे ये, बेटा. माझ्याजवळ बस. आता तू काहीच नको करू."

सुकदेव बाजूला झाला. आणि झुलालनं, मान खाली घालून, पहिल्यांदाच तोंड उघडलं, "गाडी मी चालवत होतो, मोईज. न्यूट्रल मीच केली..."